मोठेपणी रग्बी शिकायचंय? खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, चोपडा, धुळे, शहादा, माणूस कुठलाही असो, विचारतो साधारण हेच. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम काही लावलेला नाही, हवा तो प्रश्न शोधा नि वाचा.

वय ३५ झालं, पोट सुटलंय, आता जमणार का?

जमतं. पण कॉलेजात पळायचो तसा आत्ता पळेन हे डोक्यातून काढा. बाहेरच्या देशांत ३५ च्या पुढच्यांच्या वेगळ्या टीम असतात, त्यांना व्हेट्स म्हणतात, नि त्यातले कित्येक जण तिशीनंतरच पहिल्यांदा बॉल हातात घेतलेले असतात. आपल्याकडे अडचण वयाची कमी नि लोकांच्या बोलण्याची जास्त. घरातलं एक तरी मोठं माणूस म्हणणारच, "या वयमा कसाले?" ते ऐकून घ्यायचं, चहा प्यायचा नि सकाळी मैदानावर जायचं.

एक काम मात्र आधी करा. बीपी, शुगर, ईसीजी एकदा बघून घ्या, विशेषतः गेली पाच-सहा वर्षं खुर्चीत बसून काढली असतील तर. गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरला "खेळू का" असं मोघम विचारू नका, तो हो म्हणेल. "पळताना धडक बसणार, जमिनीवर पडणार, परत उठणार, चालेल का" असं स्पष्ट विचारा.

हे अमेरिकन फुटबॉलच ना, हेल्मेटवालं?

नाही. हेल्मेट नाही, अंगावर चिलखत नाही, दर पाच सेकंदांनी गेम थांबत नाही. आणि बॉल हाताने पुढे फेकता येत नाही. बस, विषय संपला.

नियम समजत नाहीत, टीव्हीवर नुसती झटापट दिसते. सोप्यात सांगा ना.

सुरुवातीला चार गोष्टी कळल्या की मॅच बघायला मजा येते.

पहिली, बॉल हाताने फक्त मागे किंवा आडवा द्यायचा. पुढे न्यायचा तर स्वतः घेऊन पळा नाहीतर लाथ मारा. हातातून निसटून पुढे पडला तर त्याला नॉक-ऑन म्हणतात, मग स्क्रम होतो, म्हणजे दोन्हीकडचे लोक वाकून एकमेकांत अडकून रेटतात नि मध्ये टाकलेला बॉल पायाने मागे घेतात; बॉल टाकायचा हक्क समोरच्यांना.

दुसरी, बॉल ज्याच्याकडे आहे त्यालाच धरायचं. बॉल नसलेल्याला धरलं, अडवलं, तर पेनल्टी.

तिसरी, धरून पाडलं की पाडणाऱ्याने लगेच सोडायचं नि बाजूला व्हायचं, पडलेल्यानेही लगेच बॉल सोडायचा. मग मागून येणारे दोन्हीकडचे लोक पायांवर उभे राहून त्या बॉलवर एकमेकांना रेटतात, तो रक. टीव्हीवर तुम्हाला झटापट दिसते ती बहुतेक वेळा हीच. त्यात कडेने घुसायचं नाही, आपल्या बाजूने मागूनच यायचं. या एका गोष्टीवरून नवख्यांच्या नावावर सगळ्यात जास्त पेनल्ट्या लागतात.

चौथी, गुण. समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल नुसता नेऊन भागत नाही, तो जमिनीला टेकवावा लागतो, तो ट्राय, ५ गुण. मग ट्राय जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन खांबांमधून लाथ मारायची, ती गेली तर आणखी २. पेनल्टीची लाथ ३, चालू खेळात बॉल टप्पा पाडून खांबांमधून मारला तर तो ड्रॉप गोल, ३. खांब इंग्रजी एच आकाराचे असतात, मधला आडवा दांडा ३ मीटरवर, बॉल त्याच्या वरून गेला पाहिजे. म्हणूनच ट्राय खांबांच्या जवळ टेकवायला जिवाचा आटापिटा करतात, कोपऱ्यात टेकवला तर पुढची लाथ अवघड जाते.

ऑफसाइडवर पानंच्या पानं आहेत. सध्या एवढंच लक्षात ठेवा की आपण कायम बॉलच्या मागे राहायचं. पुढे राहिलात तर गप्प मागे चालत या, कशालाही हात लावू नका.

७ जणांचं चांगलं की १५ जणांचं?

१५ चं म्हणजे ४०-४० मिनिटांचे दोन हाफ, मोठे स्क्रम, जाड-बारीक सगळ्यांना जागा. सेव्हन्स म्हणजे ७ मिनिटांचे दोन हाफ, मैदान मात्र तेवढंच मोठं, साधारण १०० मीटर लांब नि ७० मीटरपर्यंत रुंद. १४ मिनिटं ऐकून लोक हसतात, आणि मग पहिल्या चार मिनिटांत कमरेवर हात ठेवून उभे राहतात. ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून सेव्हन्सच आहे. रिओला फिजीने पुरुषांचं गोल्ड घेतलं, ते त्या देशाचं कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिंपिक मेडल होतं. आपल्याकडेही बहुतेक स्पर्धा सेव्हन्सच्याच होतात कारण ७ माणसं जमवणं जमतं, १५ आणि वर राखीव म्हटलं की गावातली लग्नसराई आडवी येते.

नवीन मोठ्या माणसासाठी माझं मत विचाराल तर दोन्ही नको. आधी टच.

टच म्हणजे नेमकं काय? ते पोरांचं नाही का?

टचमध्ये पाडायचं नाही, हाताने हलकेच शिवायचं. शिवलं की तो तिथेच थांबतो, बॉल जमिनीवर ठेवतो, त्याचा जोडीदार तो उचलून पुढचा खेळ चालू करतो. सहा वेळा शिवलं की बॉल समोरच्यांचा. एका बाजूला ६ जण पुरतात, पाच असले तरी चालतं, बायका-पुरुष एकत्र खेळता येतं. पोरांचं वगैरे काही नाही, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ऑफिस सुटल्यावर मोठी माणसं हेच खेळतात.

फायदा काय, तर रग्बीतली नवख्याला अवघड जाणारी गोष्ट म्हणजे धडक नव्हेच, अवघड जातं ते पुढे पळत असताना बॉल मागे देणं. जन्मभर क्रिकेट, फुटबॉल, हॉलीबॉल बघून आपल्या अंगात पुढे द्यायचंच भिनलंय. धडकीची भीती नसली की डोकं या गोष्टीकडे राहतं, आणि दोनेक महिने टच खेळून आलेला माणूस टॅकलला, म्हणजे धरून पाडायला, येतो तेव्हा त्याला निदान आपण कुठे उभं राहायचं हे ठाऊक असतं. जो थेट टॅकलला येतो तो एकतर घाबरतो नाहीतर दुसऱ्याचं काहीतरी मोडतो.

मी कबड्डी खेळलोय, जिल्ह्यापर्यंत. थेट टॅकल शिकवा.

हा मेसेज सगळ्यात जास्त येतो आणि बरोबरच आहे, आपल्याकडे गल्लीगल्लीत कबड्डी आहे. कबड्डीवाल्याचा फायदा खरंच मोठा असतो. त्याला खाली वाकून उभं राहता येतं, समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कमरेकडे बघायची सवय असते, मांडी धरताना हात आपोआप आवळले जातात, आणि पडायची भीती नसते. कुस्तीवाल्याचंही तसंच, त्याला तर मान कशी ताठ ठेवायची हे शिकवावंच लागत नाही.

पण तीन सवयी मोडाव्या लागतात. एक म्हणजे घोटा धरून लटकणं. कबड्डीत रेडर रेषेकडे हात लांबवतो म्हणून घोटा सापडतो, रग्बीत पूर्ण वेगाने पळणाऱ्याच्या पायात तोंड घालायला गेलात तर टाच थेट दातांवर. दुसरी म्हणजे साखळी. हात धरून दोघांनी घेरायचं ही गोष्ट इथे नाही, इथे प्रत्येकाने आपापला माणूस बघायचा. तिसरी आणि सगळ्यात चिवट सवय म्हणजे न सोडणं. कबड्डीत पकडलं की शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नसतं, तेच कौतुकाचं. रग्बीत पाडलं की त्याच क्षणी हात मोकळे. आमच्याकडे एक चांगला दणकट कोपरारक्षक येतो, तो पाडतो झकास आणि मग त्याच्यावर असा पडून राहतो की जणू पॉइंट मिळायचा बाकी आहे, मागून सगळे ओरडतात "सोड भो, सोड!" आणि तोवर पेनल्टी गेलेली असते. ही सवय जायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

टॅकल शिकतात कसा?

उभ्याने नाहीच. दोघंही गुडघ्यांवर बसा, समोरासमोर नाही, थोडे तिरके. एकाच्या हातात बॉल. टॅकल करणाऱ्याने डोकं वर, डोळे उघडे, पाठ सरळ ठेवायची, खांदा समोरच्याच्या पोटाच्या खाली कमरेला लावायचा, दोन्ही हात मागून घट्ट गुंडाळायचे नि आपला गाल त्याच्या ढुंगणाला चिकटलेला राहिला पाहिजे. हसू येतं पहिल्या दिवशी, येऊ द्या. गाल तिथे चिकटलेला असेल तर डोकं त्याच्या मागच्या बाजूला राहतं आणि तो तुमच्या डोक्यावर पडत नाही. डोकं त्याच्या पुढून गेलं तर त्याचं सगळं वजन तुमच्या मानेवर, आणि टॅकलमध्ये डोक्याला मार बसायचं एक मोठं कारण हेच.

गुडघ्यांवर दोन्ही खांद्यांनी नीट जमलं की मग टॅकलवाला गुडघ्यावर नि समोरचा चालत. मग दोघं चालत. मग हळू पळत. फुल स्पीड बऱ्याच नंतर, आणि तोही शिकवणारा जाणकार असेल तरच. व्हिडिओ बघून दोस्ता-दोस्तांत फुल टॅकल सुरू करू नका, स्पष्ट सांगतो. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे रग्बी रेडी नि टॅकल रेडी असे फुकट ऑनलाइन कोर्स आहेत, ते ग्रुपमधल्या दोघा-तिघांनी आधी करून घ्यावेत.

खांद्याच्या रेषेच्या वर धरणं हा फाउल आहे, गळा-डोकं तर विचारूच नका, पिवळं किंवा लाल कार्ड. हवेत उडी मारलेल्या माणसाला धरायचं नाही, उचलून डोक्यावर आपटायचं नाही. नवख्यांनी तर छातीच्या खालीच धरायची सवय लावावी.

पडायचंही शिकावं लागतं. हात टेकवून पडायचं नाही, मनगट नाहीतर खांदा जातो. बॉल छातीशी घट्ट, हनुवटी छातीला, आणि गुडघा, मांडी, कुल्ला, खांदा या क्रमाने जमिनीला टेकत जायचं. मग कुशीवर वळून बॉल हात लांब करून आपल्या लोकांकडे ठेवायचा.

आणि स्क्रम?

नवख्यांनी रेटारेटीचा स्क्रम करू नये. नुसतं धरून उभं राहायचं, ज्यांचा बॉल त्यांनी मागे काढायचा. पुढच्या फळीत मानेवर जो लोड येतो त्यासाठी तयारी आणि कोच दोन्ही लागतात.

आमच्याकडे हिरवळ नाही, काळी माती आहे. चालेल का?

खान्देशात हाच खरा प्रश्न. आपली काळी माती वर्षात तीन रूपं दाखवते. मार्च ते जून ती तडकते, भेगा अशा पडतात की घोटा आत जाईल, वर दगडासारखी कडक. अशा जमिनीवर टॅकल बंद, विषयच नाही. टचसुद्धा आधी भेगा बघून, खुणा लावून.

पावसाळ्यात उलटं. पहिला चांगला पाऊस झाला की माती बुटाला धरते, स्टड दिसेनासे होतात, दोन मिनिटांत प्रत्येक पायाला किलोभर चिखल, उंची दोन इंच वाढलेली आणि पकड शून्य. खिशात काडी ठेवा नि दर ब्रेकला खरवडा. सतत पाऊस असेल तर मैदानाची वाट लागते, पुढे वाळल्यावर बुटांचे खड्डे तसेच राहतात आणि मग क्रिकेटवाले शिव्या घालतात, आणि त्यांचंही बरोबर असतं.

खरा सीझन म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून फेब्रुवारीपर्यंत. जमीन थोडी दमट, दंव पडलेलं, हवा गार. टॅकलचं जे काय शिकायचं ते या महिन्यांत शिकून घ्या.

बाकीच्या वेळी टॅकलसाठी तालीम बघा. गावात जुनी तालीम असेल तर वस्तादांना जाऊन भेटा, पाया पडा, काय करायचंय ते नीट सांगा. हौद्यातली माती मऊ असते, मॅट असेल तर उत्तमच. पण तालमीचे नियम पाळायचे, बूट घालून आत गेलात तर पुढच्या वेळी दार बंद. नदीकाठची वाळू हा दुसरा पर्याय, तापीला, गिरणेला किंवा पांझरेला जिथे पाणी नाही नि काचा नाहीत अशी जागा शोधायची. वाळूत पळून पोटऱ्या भरून येतात ते वेगळं.

टॅकल बॅग विकत घ्यायची गरज नाही. मार्केट यार्डातून दोन-तीन चांगली बारदानं आणा, एकात एक घाला, आत चिंध्या नि जुन्या गाद्यांचा कापूस दाबून भरा, तोंड सुतळीने शिवा. माणसाच्या छातीएवढी उंच झाली की झालं काम. भुसा भरू नका, एका पावसात कुजतो नि वास मारतो.

उन्हाळ्यात काय करायचं? भुसावळला ४५ च्या पुढे जातं.

पहाटे साडेपाचला सुरू, साडेसातला बंद. आखाजीच्या आसपास तर सातलाच बंद. संध्याकाळी सात नंतर लाइट असतील तर बघा, पण जमीन तेव्हाही वाफा मारत असते.

पाणी नुसतं नको. मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. खेळताना कुणी घाम यायचा थांबला, बरळायला लागला, पाय लटपटले, तर तो नाटक करत नाहीये. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला नि दवाखान्यात हलवा. उष्माघात काय चीज आहे हे खान्देशात कुणाला सांगायला नको, तरी मैदानावर हिरोगिरी करणारे असतातच.

सामान काय लागतं, खर्च किती?

सुरुवातीला एक बॉल सगळ्यांत मिळून. साइज ५ चा घ्या, मोठ्यांचा तोच. वजन ४१० ते ४६० ग्रॅम असतं. जालंधर-मेरठकडचे भारतीय बॉल टिकाऊ असतात, परदेशी ब्रँडच्या मागे लागू नका. हातात घेऊन बघता आला तर वरचे बारीक दाणे बघा, गुळगुळीत बॉल घामाच्या हातात राहत नाही.

बूट फुटबॉलचे चालतात. मोल्डेड स्टडवाले घ्या, कडक जमिनीवर लांब धातूचे स्टड म्हणजे घोट्याची वाट. टचला साधे स्पोर्ट्स शूजही चालतात.

माउथगार्ड टॅकल सुरू करायच्या आधी घ्यायचाच. गरम पाण्यात बुडवून चावून आपल्या दातांच्या मापाचा करता येतो तो काही शे रुपयांत मिळतो. एका दाताच्या रूट कॅनालचा खर्च आठवा नि घासाघीस बंद करा.

डोक्याला मऊ टोपी मिळते, स्क्रम कॅप. ती कान नि कातडी वाचवते. मेंदूला बसणारा झटका ती थांबवत नाही, त्यामुळे "टोपी घातलीय, आता काही होत नाही" हा गैरसमज नको. आणि खिसे नसलेली शॉर्ट्स घाला, खिशात बोट अडकून मोडतं.

बॉल हातात राहतच नाही, काय करू?

लांबट बॉल कुठे उडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, टप्पा पडला की तो स्वतःच्या मर्जीचा. म्हणून टप्पा पडूच द्यायचा नाही. पळत येताना हात आधीच छातीसमोर, बोटं पसरलेली, बॉल येतोय त्या बाजूला वळवलेली. बरेच जण हात खाली ठेवून पळतात नि बॉल आला की दचकून उचलतात.

द्यायचा कसा, तर बॉल बोटांनी धरायचा, तळव्याने नाही. पाय पुढे चाललेत पण कंबरेपासून वरचं अंग ज्याला द्यायचाय त्याच्याकडे वळवायचं, शरीराच्या आडवा हात फिरवायचा नि सोडल्यावर दोन्ही हातांची बोटं त्याच्याकडे रोखलेली राहिली पाहिजेत. फिरकी देत बसू नका पहिले काही महिने, साधा सरळ पास मिळायला सोपा असतो. आणि बॉल त्याच्या अंगावर नाही, त्याच्या थोडा पुढे, म्हणजे तो पळत येऊन घेईल. पुढे म्हणजे त्याच्या पुढे, तुमच्या पुढे नाही, नाहीतर फॉरवर्ड पास.

घरी सरावाला भिंत नको, बॉल वेडावाकडा येतो. पोराला, भावाला, शेजाऱ्याला उभं करा.

मी बारीक आहे / मी जाड आहे. मला कुठे उभं करतील?

१५ जणांच्या रग्बीची हीच मजा. १ ते ८ नंबर फॉरवर्ड, ९ ते १५ बॅक. १ नि ३ प्रॉप, जाड मान, रुंद पाठ, खाली बसून रेटायची ताकद. हमाली केलेला, ट्रॅक्टरला धक्का मारलेला माणूस इथे शोभतो. ४-५ लॉक, उंच लोक, बाहेर गेलेला बॉल कडेवरून आत टाकतात त्या लाइनआउटला त्यांना उचलतात. ६-७ फ्लँकर, ज्यांना दम लागतच नाही असले. ९ नंबर म्हणजे स्क्रम-हाफ, बुटका असला तरी चालतो पण तोंड चालू पाहिजे, सगळ्यांना तोच हाकतो. १० नंबरला डोकं शांत लागतं. ११ नि १४ पळणारे, रेल्वे सुटताना डबा धरणारे. १५ शेवटचा, उंच आलेला बॉल पकडायला नि शेवटचा टॅकल करायला.

सेव्हन्समध्ये जाड माणसाचे हाल होतात, खरं सांगतो. टचमध्ये मात्र शिकून हलका होतो.

मार किती लागतो? खरं सांगा.

लागतो. खरचटणं, बोटं मुरगळणं, मांडीत गोळा येणं हे चालूच. खांदा नि गुडघा या दोन मोठ्या भीती. तो धोका तंत्राने नि तयारीने कमी होतो, शून्य होत नाही.

डोक्याच्या बाबतीत मात्र कुणाचंही ऐकू नका. धडकेनंतर चक्कर, उलटी, डोळ्यापुढे अंधारी, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, कुठल्या मैदानावर आहोत ते न आठवणं, उगाच चिडणं, यातलं एक जरी दिसलं तरी माणूस बाहेर. बेशुद्ध पडलाच पाहिजे असं नाही. "मी ठीक आहे" हे त्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं नाही, कारण ज्या डोक्याने तो सांगतोय त्यालाच मार बसलाय. त्या दिवशी परत मैदानात नाही, गाडी चालवायची नाही, दारू नाही, रात्री एकटं झोपायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. त्रास वाढत गेला, उलट्या थांबेनात, फार झोप यायला लागली तर रात्रीच्या रात्री हॉस्पिटल. हौशी माणसाने तीन आठवडे तरी मॅचकडे फिरकू नये, आणि तेव्हाही टप्प्याटप्प्याने: आधी चालणं, मग पळणं, मग पास, डॉक्टर हो म्हणाल्यावरच धडक.

मानेला मार बसला नि माणूस हलत नसेल तर त्याला उचलायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हलवून बघायचं नाही. डोकं स्थिर धरून १०८ ला फोन. हे सगळ्या ग्रुपला पाठ पाहिजे. आणि मेडिक्लेमची पॉलिसी काढून वाचा, काही पॉलिसींत धोकादायक खेळांना कात्री लावलेली असते.

बायका-मुली खेळतात का? आमच्या गावात लोक बोलतील.

खेळतात, आणि चांगल्या खेळतात. भारताच्या मुलींनी १५ जणींची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच २०१८ मध्ये सिंगापूरमध्ये खेळली आणि पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, फिलिपिन्समध्ये सिंगापूरला २१-१९ ने हरवून पहिला विजय घेतला. त्या टीमची कॅप्टन वाहबीज भरुचा पुण्याची. ओडिशातून तर आदिवासी भागातल्या किती मुली पुढे आल्या. आपल्याकडे नंदुरबार, धडगाव, शिरपूर पट्ट्यातल्या मुलींचं पळणं बघितलंय तुम्ही, त्यांच्या हातात बॉल द्यायचाच काय तो अवकाश. खो-खो खेळलेल्या बाईला तर साइडस्टेप, म्हणजे पळता पळता एका पावलात बाजूला सटकणं, शिकवावा लागत नाही.

लोक बोलतील म्हणता, तर बोलतीलच. टचपासून सुरू करा, ट्रॅक पँट नि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट चालतो. दोन-तीन मैत्रिणींनी एकत्र या, एकटीला नेहमी जास्त प्रश्न विचारतात.

भारतात हे कधीपासून आहे? इंग्रजांचं खूळ ना?

इंग्रजांचंच. कोलकात्यात १८७२ च्या नाताळात पहिली मॅच झाल्याची नोंद आहे, पाठोपाठ कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पुढे मेंबर गळायला लागले, एक कारण असं सांगतात की क्लबचा फुकट बार बंद झाला. शेवटी क्लब मोडताना बँकेतले चांदीचे रुपये काढले, वितळवले नि त्याचा कप बनवून १८७८ मध्ये इंग्लंडला देऊन टाकला. तोच कलकत्ता कप, नागांच्या मुठी नि झाकणावर हत्ती, आणि १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्यासाठी खेळतात. आपल्या चांदीच्या रुपयांवर दोन देश दीडशे वर्षं भांडतायत, ऐकायला बरं वाटतं.

आत्ताचं बघायचं तर नट राहुल बोस भारताकडून खेळलाय आणि रग्बी इंडियाचा अध्यक्षही झाला. मुंबईत बॉम्बे जिमखान्याचं मैदान जुनं ठिकाण. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा टीमची, सेव्हन्सची.

मग आमच्या गावात टीम नाही, सुरुवात कशी करू?

बारा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करायचा, आठ हो म्हणतील, पाच येतील. पाचांत चालू करा. तिघं विरुद्ध दोघं असा नुसता पासचा खेळ खेळला तरी तास जातो. क्रिकेटचं मैदान मागायला जाऊ नका, ते सकाळी कधीच देणार नाहीत. कॉलेजच्या मैदानाचा कोपरा, फिजिकलच्या सरांना भेटून, लेखी अर्ज देऊन मागा. सर तयार झाले तर पोरंही मिळतात.

दोन-चार महिने टिकलात की राज्य संघटनेला कळवा, कोच कधी येऊ शकेल का, किंवा आपल्यातल्या एखाद्याला कोचिंगच्या शिबिराला पाठवता येईल का ते विचारा. मुंबई-पुण्याच्या क्लबला आधी कळवून एखाद्या रविवारी त्यांच्या सरावाला जा. रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मुंबईत, यात आपल्याला काय नवीन आहे.

फिटनेस आधी करून येऊ का?

"आधी फिट होतो मग येतो" म्हणणारे कधी येत नाहीत. तसेच या. घरी एवढं करा: पोटावर झोपा, उठा, दहा पावलं पळा, परत झोपा. दहा वेळा. रग्बीत नेमकं हेच दमवतं, नुसतं पळणं नाही. जोर-बैठका येत असतील तर सोन्याहून पिवळं. मानेचे व्यायाम शिकून घ्या, पण झटके देऊन नाही.

खायचं काय ते जिमवाल्याला विचारू नका, डबे विकत घ्यायला लावतो. सकाळी खेळायच्या आधी एक-दोन केळी, केळ्यांच्या जिल्ह्यात राहून एनर्जी बार खायचा काय संबंध. नंतर अंडी, डाळ, शेंगदाणे, चिकन, भाकरी. शेवभाजीचा तर्रीवाला रस्सा खेळायच्या आदल्या रात्री नको, मैदानावर कळतं का ते.

भांडणं होतात का?

धक्काबुक्की होते, भांडण कमी. रेफरीशी फक्त कॅप्टनने बोलायचं, बाकीच्यांनी तोंड उघडलं की पेनल्टी. रेफरीला सर म्हणायचं. पिवळं कार्ड म्हणजे १५ च्या मॅचला १० मिनिटं बाहेर, सेव्हन्सला २ मिनिटं. गावच्या क्रिकेटमध्ये अंपायरला बॅट घेऊन धावणाऱ्यांना हे फार जड जातं.

मॅचनंतर दोन्ही टीमने एकत्र बसून खायची पद्धत जगभर आहे. आपल्याकडे हिवाळ्यात भरीत पार्टीला निमित्तच पाहिजे असतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचं काम हरलेल्यांकडे द्या, म्हणजे पुढच्या वेळी जोर लावतात.

चष्मा आहे. आणि अंगठी, चेन, कडं काढावंच लागतं का?

साधा चष्मा घालून टॅकल नाही. रग्बीसाठी मान्यता असलेले खास गॉगल मिळतात, नाहीतर सॉफ्ट लेन्स. टचला चष्मा पट्टा लावून चालवतात काही जण, मला ते पटत नाही.

दागिने सगळे काढायचे, नियमच आहे. अंगठी, कडं, कानातलं, घड्याळ, चेन, सगळं. सोन्याच्या बाजारपेठेत राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगणं अवघड, एकजण तर म्हणाला चेन टी-शर्टच्या आत घातलीय. टी-शर्ट धरून ओढणार आहेत तुला, आत काय नि बाहेर काय. लग्नाची अंगठी बोटात रुतली असेल तर आदल्या रात्री साबण लावून काढा, तरी निघत नसेल तर सोनाराकडून कापून मोठी करून घ्या. बाकी मौल्यवान वस्तू घरीच ठेवून या, मैदानावर सांभाळायला कुणी बसत नाही, सगळे खेळायलाच आलेले असतात.